रायफल ठेवून धनुष्य घ्यावं का?

नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाआधीचा शनिवार उजाडायच्या आत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पेट्रोल पंपांवर नारिंगी जॅकेटांची झुंबड उडते. रायफलीने हरणाची शिकार करायचा नऊ दिवसांचा हंगाम त्या दिवशी सुरू होतो. सहा वर्षं मीही त्या गर्दीत उभी राहून कॉफी घेतली आहे. त्यानंतरची चार वर्षं मात्र मी सप्टेंबरपासूनच जंगलात असते, हातात धनुष्य घेऊन. दर उन्हाळ्यात ओळखीतलं कुणी ना कुणी विचारतं, "रायफल आता बऱ्यापैकी जमते. धनुष्य घेऊ का?" फोनवर याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

भारतातल्या वाचकांसाठी आधी थोडं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली आणि ते योग्यच झालं. इथली गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीचं हरीण, ज्याला सगळे व्हाइटटेल म्हणतात, ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बेसुमार शिकारीमुळे काही लाखांवर आलं होतं. आज त्यांची संख्या तीन कोटींच्या आसपास मानली जाते. लांडगे आणि प्यूमा बहुतेक भागांतून नाहीसे झाले, मक्या-सोयाबीनची शेतं वाढली आणि हरणांना मोकळं रान मिळालं. किती मारायची, कधी आणि कशाने, हे राज्य ठरवतं. रायफली-काडतुसांवरचा 11 टक्के कर 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे वन्यजीवांसाठी खर्च होतो. 1970 च्या दशकात धनुष्यबाणही त्या कराखाली आले. मी शिकार करते ती मांसासाठी. आमच्या फ्रीझरमध्ये वर्षभराचा खिमा असतो आणि काळ्या मसाल्यातला हरणाचा रस्सा माझी मुलगी मटणाहून आवडीने खाते.

आता मूळ प्रश्न. गोळी काय करते आणि बाण काय करतो, हे आधी समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

थर्टी-ऑट-सिक्स ही इथली जुनी, घरोघरी सापडणारी रायफल. तिची 150 ग्रेनची गोळी जेमतेम दहा ग्रॅमची, तोळ्याहूनही हलकी. नळीतून सुटते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे 880 मीटर असतो. शिकारीचा बाण साधारण 26 ग्रॅमचा, म्हणजे सव्वादोन तोळ्यांचा, आणि चांगल्या आधुनिक धनुष्यातून तो सेकंदाला 85 मीटरने निघतो. ऊर्जेचा हिशेब केला तर गोळीत बाणाच्या चाळीसपट ऊर्जा भरते.

हा आकडा ऐकून नवखा माणूस घाबरतो किंवा मग जास्तीत जास्त जोराचं धनुष्य शोधत सुटतो. दोन्ही चूक. बाण धक्क्याने मारतच नाही, तो कापून मारतो. टोकाला ब्रॉडहेड असतो, वस्तऱ्यासारख्या धारेच्या दोन-तीन पात्यांचा. तो दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तर हरीण शे-दीडशे यार्ड धावतं आणि बहुतेकदा काही सेकंदांत कोसळतं. काम स्वच्छ होतं, पण फक्त तिथेच लागला तर. गोळी खांद्याचं हाड फोडून आत जाते. बाण त्याच हाडावर अडकतो. हरीण समोरून तोंड करून उभं असेल तर रायफलवाला कधीकधी घोडा दाबतो. धनुर्धराने दोरीला हातही लावू नये. हरीण पूर्ण आडवं उभं असावं किंवा किंचित पलीकडे वळलेलं असावं, म्हणजे बाण बरगड्यांमागून पुढच्या दिशेने शिरतो. रायफलीने हरणाला किती बाजूंनी मारता येतं आणि बाणाने किती कमी बाजूंनी, हे ज्याला पटलं त्याला निम्मं उत्तर मिळालं.

उरलेलं निम्मं अंतरात आहे. इथे मला साताऱ्याची अदिती स्वामी आठवते. 2023 साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत तिने आणि नागपूरच्या ओजस देवतळेने कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यात वैयक्तिक सुवर्ण मिळवलं, तेव्हा आमच्या इथल्या मराठी मंडळींत पेढे वाटले गेले. त्यांचं लक्ष्य 50 मीटरवर असतं आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं आठ सेंटिमीटरचं. शिकारीचं धनुष्यही त्याच जातीचं. मग मी 25 यार्डांवर, म्हणजे 23 मीटरवरच का थांबते? नेमबाजी त्यांच्याएवढी नाही हे एक झालं. पण ती असती तरी मी तिथेच थांबले असते, कारण लक्ष्याचा कागद आवाज ऐकत नाही.

30 यार्डांवर हरीण चरतं आहे असं समजा. दोरी सुटली की "टण्" असा बारीक आवाज होतो. तो हरणाच्या कानावर सेकंदाच्या आठ शतांशात पोचतो. बाणाला तेवढंच अंतर कापायला सेकंदाचा जवळजवळ तिसरा भाग लागतो. मधला पाव सेकंद हरणाचा. पळण्यासाठी उसळी घ्यायची तर आधी पाय दुमडावे लागतात, म्हणून दचकलेलं हरीण पहिल्यांदा खाली बसल्यासारखं वाकतं. तेवढ्यात ते चार-पाच इंच खाली गेलं तरी फुप्फुसांवर धरलेला बाण पाठीच्या कण्याजवळून जातो. 20 यार्डांवर हाच अवधी सेकंदाचा सहावा हिस्सा उरतो आणि 40 वर तो तिसऱ्या हिश्श्यापर्यंत वाढतो. तुमचा नेम कितीही अचूक असो, त्या अवधीवर तुमचा काडीचा ताबा नसतो. गोळी आवाजाच्या पुढे धावते, म्हणून रायफलवाल्याला या प्रकाराची कधी कल्पनाच येत नाही.

अंतराची आणखी एक बाजू आहे. 30 आणि 40 यार्डांत रायफलीला फरकच पडत नाही. धनुष्यावर मात्र प्रत्येक अंतरासाठी वेगळा दर्शक, म्हणजे नेम धरायची खूण, असतो. 30 चा दर्शक धरून 40 यार्डांवरच्या हरणावर बाण सोडलात तर तो साधारण वीतभर खाली जाईल. वीतभर खाली म्हणजे मोडलेला पाय किंवा छातीखालची जखम. झाडीत डोळ्यांनी केलेला अंदाज दहा यार्डांनी सहज चुकतो. म्हणून लेझरने अंतर मोजणारं यंत्र मी चैन मानत नाही. मचाणावर बसल्या-बसल्या मी आधी चार झाडांची अंतरं मोजून ठेवते.

धनुष्याबद्दल थोडं सांगते. लहानपणी दसऱ्याला बांबूचं धनुष्य केलं असेल तर आठवेल, जितकं ओढावं तितका जोर वाढत जातो. कंपाउंड धनुष्यात तसं होत नाही. 1960 च्या दशकात मिसूरीच्या हॉलिस विल्बर ॲलनने ते बनवलं आणि 1969 मध्ये त्याला पेटंट मिळालं. दोन्ही टोकांना चाकं असतात, पण विहिरीवरच्या कप्पीसारखी गोल नसतात. आस एका बाजूला सरकलेली, कड फुगलेली. ओढताना मध्यावर पूर्ण जोर लागतो आणि मग उंबरठा ओलांडल्यासारखं वजन एकदम उतरतं. 60 पौंडांच्या, म्हणजे 27 किलोंच्या धनुष्यात ताणून धरताना हातावर पाच-सहा किलोच उरतात. त्यामुळे हरीण एक पाऊल पुढे टाकेपर्यंत थांबता येतं. साध्या लाकडी धनुष्यात ही सवलत नसते, म्हणून रायफलीवरून येणाऱ्याने त्याच्या मोहात पहिल्याच वर्षी पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

किती पौंडांचं घ्यावं? विस्कॉन्सिनच्या नियमाप्रमाणे किमान 30. दुकानात लोक फुशारकीने 70 ओढतात. मी सांगते ती परीक्षा करून पाहा. खुर्चीत बसा, दोन्ही पाय जमिनीवरून उचला, धनुष्य लक्ष्यासमोर सरळ धरा आणि आभाळाकडे न नेता हळूच ओढा. जमलं नाही तर वजन कमी करा. नोव्हेंबरात चार थर अंगावर चढवून तीन तास गोठून बसल्यावर दंडात निम्मीच ताकद उरते, आणि धनुष्य वर उचललं की हरणाला ती हालचाल दिसतेच. माझं 48 पौंडांचं आहे. त्याच्या बाणाचा वेग वर सांगितलेल्या आकड्याहून कमी आहे, म्हणून माझं अंतरही कमी.

दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. बाणात जायची ऊर्जा धनुष्यातच अडकते आणि ते हातात फुटू शकतं. दुसरी सवय, कार्बनचा प्रत्येक बाण सोडण्याआधी दोन्ही हातांत धरून कानाशी किंचित वाकवा. करकर ऐकू आली तर तो मोडून टाका. तडा गेलेला बाण सुटताना फुटला तर त्याचे काटे थेट पंजात घुसतात.

आता वेळ. खरं तर लोकांना धनुष्याकडे ओढतो तो वेळच. रायफलीचे नऊ दिवस, तेही कडाक्याच्या थंडीतले, आणि प्रत्येक टेकडीवर माणूस. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. ही वाट जुनी आहे: धनुष्याने हरीण मारायला विस्कॉन्सिनने 1934 मध्येच हंगाम दिला, इतर राज्यांच्या कितीतरी आधी. सप्टेंबरात पानं हिरवी असतात, ऑक्टोबरात ओकची फळं पडतात आणि हरणं त्या झाडांखाली येतात. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नर माजावर येऊन भर दुपारीही फिरतात. रायफलीचा हंगाम सुरू होतो तेव्हा तो भर बराचसा ओसरलेला असतो. शिवाय वस्तीलगत रायफल चालवू देत नाहीत तिथे कित्येकदा धनुष्याला परवानगी असते. शहरात नोकरी करणाऱ्याला संध्याकाळी अर्ध्या तासात मचाण गाठता येतं, ही मोठीच गोष्ट आहे.

पण वेळ मिळतो तसा द्यावाही लागतो. 150 यार्डांवरून गोळी झाडणाऱ्याला वाऱ्याचा विचार थोडा कमी करून चालतं. 20 यार्डांवर हरणाच्या नाकासमोर तुम्ही काहीही लपवू शकत नाही. मी विस्कॉन्सिनच्या नैऋत्येला, ड्रिफ्टलेस भागात जाते. हिमयुगातल्या बर्फाने हा भाग सपाट केला नाही, म्हणून तिथे खोल घळी आणि उतार आहेत. अशा जागी हवामानखात्याचा वारा निम्माच खरा. सकाळी ऊन पडलं की उतारावरची हवा तापून वर चढते. संध्याकाळी ती थंड होऊन पाण्यासारखी घळीत उतरते. पहिल्या वर्षी मी घळीच्या माथ्यावर संध्याकाळी बसायचे आणि खालून येणारी हरणं पन्नास पावलांवर फुत्कारून परत फिरायची. महिनाभर मला कारण कळलं नाही. मग एकदा खिशातल्या डबीतून टाल्कम पावडरची चिमूट हवेत सोडली. ती माझ्या बुटांवरून निघून सरळ खालच्या पायवाटेपर्यंत रांगत गेली. दुसऱ्या दिवशी मी मचाण हलवलं.

मचाणाबद्दल हात जोडून सांगते. इथले बहुतेक धनुर्धर झाडावर पंधरा-वीस फुटांवर बसतात आणि त्यांच्यातल्या गंभीर अपघातांत सगळ्यात मोठा वाटा झाडावरून पडण्याचा असतो. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस जमिनीवरच घाला, चढायच्या आधी दोरीला अडकवा आणि उतरून पाय टेकेपर्यंत सोडू नका. धनुष्य खांद्याला लावून चढू नका, दोरीने मागून ओढून घ्या. हार्नेसमध्ये लटकून राहणंही धोक्याचं असतं, पायांतलं रक्त परत फिरत नाही. म्हणून पाय टेकवायची पट्टी हाताशी आणि फोन वरच्या खिशात ठेवा. हे नको वाटत असेल तर जमिनीवरच्या आडोशात बसा, तिथूनही शिकार होते.

बाण सुटल्यानंतरचं काम रायफलवाल्याला सगळ्यात अनोळखी. माझा दुसरा हंगाम, ऑक्टोबरची संध्याकाळ, 22 यार्डांवर मादी आडवी उभी. मी दोरी सोडली आणि त्याच क्षणी तिने पाऊल पुढे टाकलं. बाण गवतात सापडला तेव्हा मी तो टॉर्चच्या उजेडात बोटांमध्ये फिरवून पाहिला. फुप्फुसाचं रक्त उजळ गुलाबी असतं, बारीक फेसाचं. हे गडद होतं, जवळजवळ जांभळ्या रंगाचं. यकृत. हिरवट डाग आणि घाण वास असता तर आतडी, आणि मग बारा तासांपर्यंत वाट पाहावी लागली असती. यकृताला किमान चार-सहा तास. लगेच मागे लागलं तर जखमी हरीण उठून मैलभर जातं आणि हरवतं. सोडून दिलं तर ते जवळच बसतं आणि तिथेच मरतं. मी परत गाडीत जाऊन बसले. तसा वेळ आयुष्यात फार थोडा काढला आहे. पहाटे शेजारच्या शेतकऱ्याला घेऊन रक्ताचा माग काढला. एकेका थेंबाशी कागदाचा तुकडा ठेवत दोन तासांत आम्ही एकशे चाळीस पावलं गेलो. ती एका पडलेल्या ओंडक्यामागे सापडली. रात्रीतून कायोटींनी, म्हणजे इथल्या कोल्ह्यासारख्या प्राण्यांनी, एक मांडी खाल्ली होती. उरलेलं मांस आम्ही वर्षभर खाल्लं आणि दर वेळी मला ते पाऊल आठवलं.

ही गोष्ट अपवाद म्हणून सांगत नाही. मेरीलँडमधल्या एका नौदल तळावर 1989 ते 2006 या काळात नोंदी ठेवल्या गेल्या. आधी नेमबाजीची परीक्षा पास झालेल्या धनुर्धरांना लागलेल्या हरणांपैकी सुमारे 18 टक्के हाती आलीच नाहीत. त्यातली काही वाचतात, काही मरतात. म्हणजे पाच-सहांत एक. हा आकडा तुम्हाला सहन होत नसेल तर रायफलच वापरा. असं म्हणणाऱ्या माणसाबद्दल मला आदरच वाटतो. सहन होत असेल तर तो तुमच्यापुरता कमी करायची जबाबदारी तुमची, आणि ती बहुतांशी बाण न सोडण्यानेच पार पडते. सप्टेंबरात आणखी एक अडचण येते: रात्रीही उकाडा ओसरल्यासारखा वाटत नाही आणि उशिरा सापडलेल्या हरणाचं मांस खराब होतं. संध्याकाळी फार गरम असेल तर मी जातच नाही.

क्रॉसबोचं, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेल्या आडव्या धनुष्याचं काय, असंही विचारतात. विस्कॉन्सिनमध्ये 2014 पासून सगळ्यांना तो वापरता येतो. ताणून धरावा लागत नाही, दुर्बीण लावता येते, सरावाला थोडे दिवस पुरतात. खांदा दुखरा असेल किंवा उन्हाळा हाताशी नसेल तर तो अगदी योग्य. फक्त त्याचाही बाण आवाजामागूनच जातो, हे विसरून लोक 60-70 यार्डांवर सोडतात ते मला मुळीच मान्य नाही.

आपल्या लोकांसाठी कायद्यातलं एक. एच-वन-बीसारख्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. चालू शिकार परवाना हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. धनुष्य मात्र त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक ठरत नाही. त्यामुळे ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेले काही जण सरळ धनुष्यापासूनच सुरुवात करतात. धनुष्याचा परवाना वेगळा असतो आणि काही राज्यांत त्यासाठी वेगळा अभ्यासक्रमही सक्तीचा आहे. विस्कॉन्सिनमध्ये 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचं शिक्षण घ्यावंच लागतं, ते रायफलीच्या वेळीच झालेलं असेल. आणि हत्यार कुठलंही असो, हरणाची तपासणी करून घ्या. मेंदूचा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग इथे 2002 पासून आहे आणि बाधित हरीण खाऊ नये.

मग घ्यावं का? मी विचारणाऱ्याला आधी पैशांचं विचारत नाही, जरी बाण, दर्शक, हार्नेस धरून हजार डॉलरच्या आसपास सहज जातात. मी विचारते, जून ते ऑगस्ट आठवड्यातून चार दिवस वीस मिनिटं काढशील का? दोन हंगाम रिकाम्या हाताने घरी आलास तर चालेल का? फ्रीझर भरणं हेच मुख्य काम असेल आणि वर्षातून एकच शनिवार-रविवार मोकळा असेल, तर रायफलीइतकं दयाळू हत्यार नाही, हरणाच्या दृष्टीनेही. जंगलात बसणंच आवडत असेल, हरीण न मारता फक्त वीस यार्डांवरून तासभर पाहिलं तरी दिवस सार्थकी लागत असेल, तर घे. आणि रायफल विकू नकोस. मी अजूनही एका परवान्यासाठी नोव्हेंबरची वाट पाहते.

घेतलंच तर आपलं अंतर ठरवायची एक रीत सांगते. हरणाची छाती, जिथे बाण लागायला हवा तो भाग, कागदी बशीएवढा असतो. बशी लक्ष्यावर लावा. रोज कामावरून आल्यावर, हात गरम न करता, फक्त एक बाण सोडा. जंगलात दुसरा मिळत नाही. लागला-चुकला लिहून ठेवा. ज्या अंतरावर तो पहिला बाण महिनाभर बशीत बसतो, ते तुमचं अंतर. माझ्या गॅरेजच्या भिंतीवर यंदाचा कागद आहे: जुलैच्या एकतीस दिवसांत 25 यार्डांवर तीस बाण बशीत. 30 यार्डांवर ऑगस्टमध्ये अजून दर पाचवा बाहेर जातो आहे. धनुष्याच्या मुठीवर मी पांढरी पट्टी चिकटवली आहे, तिच्यावर पेनने 25 लिहिलंय. यंदाही ती बदलणार नाही.